अंतिम सामना हरलेला संघ प्रांताचा विजेता कसा होतो? कॉर्कच्या 2024 च्या हर्लिंग मोसमाबद्दल

फोंडेकर (प्रश्न)

सर्व सदस्यांस नमस्कार. माझा भाचा नोकरीनिमित्त आयर्लंडमधील कॉर्क शहरात राहतो. तेथील हर्लिंग या खेळाने त्याला असे झपाटले आहे की त्याच्यामुळे मीही फोंड्यात बसून तिकडचे निकाल वाचू लागलो आहे. खेळाचे नियम मला साधारण कळतात. दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा खेळाडू असतात, प्रत्येकाच्या हातात अॅश वृक्षाच्या लाकडाची, टोकाला चपटी आणि रुंद अशी हर्ली असते आणि स्लिटर नावाचा लहान चामडी चेंडू आडव्या दांड्याखालून जाळ्यात घातला तर गोल, दांड्यावरून खांबांच्या मधून घालवला तर एक गुण मिळतो. एक गोल तीन गुणांच्या बरोबरीचा असतो. माझा गोंधळ खेळाविषयी नसून स्पर्धेच्या रचनेविषयी आहे.

2024 च्या शरदात कॉर्क काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा विभाग) वरिष्ठ क्लब स्पर्धेचा अंतिम सामना इमोकिलीने सार्सफील्ड्सला हरवून जिंकला. मोसम तेथे संपला असे मी धरून चाललो होतो. परंतु पुढे मन्स्टर प्रांताच्या क्लब स्पर्धेत कॉर्कतर्फे उतरले ते पराभूत सार्सफील्ड्स, आणि 1 डिसेंबरला त्यांनी वॉटरफर्ड काउंटीच्या बॅलीगनर क्लबाला 3-20 विरुद्ध 2-19 (आधी गोल, मग गुण) असे हरवून प्रांताचे विजेतेपद मिळवले. जो संघ स्वतःच्या काउंटीत दुसरा आला तो प्रांतात पहिला ठरला, आणि ज्याने त्याला हरवले तो घरी बसून राहिला, हे मला उलगडत नाही. इमोकिलीवर काही कारवाई झाली होती काय?

दुसरा प्रश्न माझ्या स्वार्थाचा आहे. आमच्या गावच्या क्रीडा मंडळाचे थोडेफार काम मी पाहतो. फुटबॉलचा एखादा मुलगा जरा चमकला की पुढच्या मोसमात तो दुसऱ्या क्लबाकडे गेलेला असतो. आयर्लंडमधील गावे आपले खेळाडू कसे टिकवतात, हे कोणी सांगू शकेल काय?

मांडवीकाठ

फोंडेकरबाब, इमोकिलीवर कोणतीही कारवाई झाली नव्हती. त्यांनी स्पर्धा रीतसर जिंकली, चषक रीतसर उचलला, आणि कॉर्कचा 2024 चा विजेता म्हणून नोंद त्यांचीच आहे. त्यांना पुढे जाता आले नाही याचे कारण एवढेच की इमोकिली हा क्लब नाही.

कॉर्क ही आयर्लंडमधील क्षेत्रफळाने सर्वांत मोठी काउंटी आहे. तेथे क्लबांची संख्या फार मोठी असल्याने ते वेगवेगळ्या श्रेणींत खेळतात. सर्वांत वरच्या श्रेणीत 12 क्लब आहेत आणि ते चार-चारांच्या तीन गटांत खेळतात. आता अशी कल्पना करा की पूर्व कॉर्कमधील एखाद्या लहान गावात एक उत्कृष्ट खेळाडू निपजला, पण त्याच्या गावचा क्लब खालच्या श्रेणीत आहे. त्याने वरच्या दर्जाचे हर्लिंग कधी खेळायचेच नाही काय? यावर कॉर्कने विभागीय संघांचा तोडगा काढला. इमोकिली, कार्बरी, डूहॅलो, मस्करी, अॅव्हनडू असे हे विभाग आहेत. विभागातील खालच्या श्रेणीच्या क्लबांमधून निवडक खेळाडू एकत्र येतात आणि विभागाच्या नावाने वरिष्ठ स्पर्धेत उतरतात. कॉर्कच्या विद्यापीठाचा संघही याच दाराने आत येतो. या सर्वांची आधी आपसांत एक फेरी होते आणि तिच्यातून वर आलेला संघ मुख्य स्पर्धेच्या बाद फेरीत दाखल होतो.

आपल्याकडे पेडणे तालुक्यातील खालच्या विभागात खेळणाऱ्या सगळ्या गावच्या क्लबांनी मिळून एक तालुका संघ काढला, त्याला गोवा प्रोफेशनल लीगमध्ये खेळू दिले, आणि तरीही प्रत्येक खेळाडू आपल्या गावाकडूनही खेळत राहिला, असे मानले म्हणजे इमोकिली काय आहे ते लक्षात येईल.

हे विभागीय संघ शोभेचे नाहीत. अॅव्हनडूने 1952 मध्येच काउंटीचे विजेतेपद घेतले होते. कार्बरीने 1994 मध्ये, इमोकिलीने 1997 आणि 1998 मध्ये, आणि नंतर 2017, 2018, 2019 अशी सलग तीन वर्षे ते मिळवले. येथे कालक्रम ध्यानात घ्यावा लागतो. कॉर्कची काउंटी स्पर्धा 1887 पासूनची आहे, तर अखिल आयर्लंड क्लब स्पर्धा 1970-71 च्या मोसमात सुरू झाली. विभागीय संघांची पद्धत रुळली तेव्हा काउंटीचा अंतिम सामना हेच क्लब खेळाडूचे अखेरचे शिखर होते. त्यापुढे क्लबांसाठी राष्ट्रीय पायरी बांधली गेली तेव्हा साहजिकच ती खऱ्या क्लबांसाठीच राखली गेली, कारण दहा-बारा गावांच्या निवडक संघाला एका गावाच्या क्लबासमोर उभे करणे कोणालाच पटण्यासारखे नव्हते. म्हणून विभागीय संघ जिंकला की काउंटीचे प्रतिनिधित्व अंतिम सामन्यातील दुसऱ्या संघाकडे, म्हणजे क्लबाकडे जाते. सार्सफील्ड्सला मिळालेली संधी ही कोणाची मेहरबानी नव्हती. सर्व नियम स्पर्धेपूर्वीच सर्वांना ठाऊक होते.

डिचोलकर

मांडवीकाठ यांचे स्पष्टीकरण उत्तम आहे, परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष मला मान्य नाही. नियम आधीपासून ठाऊक असल्याने तो न्याय्य ठरत नाही. अंतिम सामन्यात उतरणाऱ्या दोन संघांपैकी एकाला हरूनही पुढे जाता येते आणि दुसऱ्याला जिंकूनही जाता येत नाही, अशा सामन्यात चुरस कशी राहणार? सार्सफील्ड्सच्या जागी मी असतो तर अर्धे मन पुढच्या सामन्याकडेच लागले असते.

शिवाय खेळाडू दोन संघांत वाटून घेण्याचा हा प्रकार आपल्याकडे आणला तर काय होईल याची कल्पना गोव्यातील मैदानावर उभे राहिलेल्या कोणालाही येईल. तालुका संघाचा सराव आणि गावचा सामना एकाच रविवारी आले की पहिले भांडण तेथेच होईल.

मांडवीकाठ

डिचोलकर, आपला आक्षेप कॉर्कमध्येही घेतला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. केरी काउंटीने गेलिक फुटबॉल या हातानेही चेंडू खेळता येणाऱ्या आयरिश खेळासाठी हा पेच वेगळ्या रीतीने सोडवला आहे. तेथे क्लबांची एक स्वतंत्र स्पर्धा आणि विभागीय संघांसह काउंटीची स्पर्धा अशा दोन स्पर्धा होतात. काउंटीची स्पर्धा विभागीय संघाने जिंकली तर क्लब स्पर्धेचा विजेता प्रांतात जातो. 2022 मध्ये ईस्ट केरी हा विभागीय संघ काउंटीचा विजेता होता, प्रांतात गेला तो केरिन्स ओ'राहिलीज हा ट्रॅली शहरातील क्लब, आणि त्याने मन्स्टरही जिंकले. या पद्धतीत पराभूत संघ पुढे गेल्याचे दृश्य दिसत नाही, हा तिचा गुण. सामन्यांची संख्या वाढते, हा दोष.

पण सार्सफील्ड्सचे अर्धे मन दुसरीकडे होते असे म्हणणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे. 1957 नंतर काउंटीचे विजेतेपद पुन्हा मिळवायला या क्लबाला 2008 पर्यंत वाट पाहावी लागली होती. अशा क्लबात काउंटीचा अंतिम सामना कोणी अर्ध्या मनाने खेळत नाही. उलट मला तर असे वाटते की ऑक्टोबरातील पराभवाचा सल घेऊनच ते प्रांतात उतरले. बॅलीगनर हा त्या वेळी मन्स्टरमधील सर्वांत भक्कम क्लब होता. 2014 ते 2024 अशी सलग 11 वर्षे वॉटरफर्डचे विजेतेपद त्यांच्याकडे होते, 2021 पासूनची तीन प्रांतिक विजेतेपदेही त्यांचीच होती, आणि 2022 च्या फेब्रुवारीत अखिल आयर्लंडच्या अंतिम सामन्यात त्यांनी बॅलीहेल शॅमरॉक्सला अगदी शेवटच्या क्षणी केलेल्या गोलावर हरवले होते. अशा संघाला थर्लसमध्ये चार गुणांनी हरवणे, म्हणजे 29 विरुद्ध 25, हे नशिबाने मिळालेल्या संधीचे काम नव्हे. 2009 नंतर मन्स्टरचा क्लब चषक प्रथमच कॉर्कमध्ये आला. त्यानंतर अखिल आयर्लंडच्या उपांत्य सामन्यात सार्सफील्ड्सने डेरी काउंटीच्या स्लॉटनीललाही हरवले. 19 जानेवारी 2025 रोजी डब्लिनच्या क्रोक पार्कवर मात्र डब्लिनच्याच ना फीआना क्लबाने त्यांना 2-23 विरुद्ध 0-20 असे सहज रोखले. गोलाचे महत्त्व या निकालात स्पष्ट दिसते: वरून मारलेल्या गुणांत फरक केवळ तीनचा होता, दोन गोलांनी तो नऊवर नेला.

केपेंची वाचक

या चर्चेत एक बाजू अद्याप आलेली नाही, आणि फोंडेकर यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला तिच्यातच दिसते. मी स्वतः कधी हर्ली हातात धरलेली नाही, पण यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही आयर्लंडमध्ये राहिलो तेव्हा मुलगा तेथील शाळेबरोबर क्लबात जाऊ लागला आणि शनिवार-रविवार मैदानाच्या कडेला उभे राहून मी बरेच काही पाहिले व ऐकले.

तेथे खेळाडूला क्लब निवडण्याची फारशी मुभाच नसते. त्याने ज्या क्लबात खेळायला सुरुवात केली तो त्याचा मूळ क्लब, आणि हे खेळ चालवणाऱ्या आयरिश संघटनेच्या नियमांनुसार त्याची बांधिलकी कायम त्या क्लबाशी असते. अनेक काउंट्यांत तर राहत्या पॅरिशवरून, म्हणजे आपल्याकडील फिर्गजेवरून (एका चर्चच्या हद्दीतील वस्तीवरून), क्लब ठरतो. क्लब बदलायचा असेल तर अर्ज करावा लागतो, काउंटीची समिती तो तपासते, आणि केवळ चांगल्या संघात खेळायचे आहे हे कारण पुरेसे मानले जात नाही. त्यात मानधन कोणालाच नाही. ऐंशी हजारांच्या गर्दीसमोर क्रोक पार्कवर खेळणारा काउंटीचा तारासुद्धा सोमवारी शाळेत शिकवायला, गोठ्यात किंवा बँकेत कामाला जातो. त्याला प्रवासखर्च मिळतो, पगार नाही. त्यामुळे खेळाडू पळवण्याचे मुख्य साधनच कोणाच्या हाती उरत नाही.

यातून एक गोष्ट अशी घडते की विजेतेपदाची आशा नसलेल्या क्लबातही लोक आयुष्य काढतात. बॅलीगनरने 11 वर्षे वॉटरफर्ड ताब्यात ठेवले, म्हणून इतर गावांतील मुले बॅलीगनरला जाऊन मिळाली नाहीत. ती दर वर्षी हरली आणि पुढच्या वर्षी पुन्हा उभी राहिली. हे सर्वस्वी चांगलेच आहे असे मी म्हणत नाही. गुणी मुलगा दुबळ्या क्लबात अडकतो, हे खरे दुःख आहे, आणि विभागीय संघ हे त्यावरचेच औषध आहे. म्हणून डिचोलकर यांना मी असे सुचवीन की इमोकिलीकडे स्वतंत्रपणे पाहू नये. खेळाडू बांधून ठेवणारा नियम आधी आहे; त्याने ज्यांच्यावर अन्याय होतो त्यांच्यासाठी इमोकिली आहे. एक ठेवून दुसरे काढले तर व्यवस्था लंगडी होईल.

फोंडेकर

दोघांचेही मनःपूर्वक आभार. इमोकिलीचा उलगडा झाला. तथापि डिचोलकर यांचा रविवारच्या भांडणाचा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. एकच खेळाडू गावाकडून, विभागाकडून, आणि उत्तम असेल तर कॉर्क काउंटीच्या संघाकडूनही खेळणार. 2024 च्या जुलैत कॉर्कचा संघ काउंटी संघांच्या अखिल आयर्लंड स्पर्धेच्या अंतिम सामन्यात क्लेअर काउंटीकडून जादा वेळेत एका गुणाने हरला होता. तेच खेळाडू लगेच आपापल्या क्लबात परतले काय? इतके सामने एका वर्षात बसतात कसे?

मांडवीकाठ

होय, लगेच परतले. क्लेअर 3-29, कॉर्क 1-34 हा तो सामना 21 जुलैला झाला आणि ऑगस्ट लागताच काउंट्यांमधील क्लब स्पर्धा सुरू झाल्या. ज्या क्लेअरने तो सामना जिंकला तेथे त्याच मोसमात फीकल या लहान गावच्या क्लबाने 1988 नंतर प्रथमच काउंटीचे विजेतेपद मिळवले. देशाचा चषक आणि गावचा चषक एकाच वर्षी घरी आणण्याचे भाग्य त्या गावातील खेळाडूंना लाभले.

हे वेळापत्रक फार जुने नाही आणि ते सहजासहजी मिळालेले नाही. पूर्वी अखिल आयर्लंडचा अंतिम सामना सप्टेंबरच्या आरंभी होत असे, आणि काउंटीचा संघ स्पर्धेत टिकून असेपर्यंत तिकडची क्लब स्पर्धा रखडत राहत असे. काउंटीकडून खेळणारे थोडे, पण त्यांच्यासाठी थांबून राहणारे हजारो. क्लबाच्या साध्या खेळाडूला पुढचा सामना जूनमध्ये आहे की सप्टेंबरमध्ये हे कळत नसे. लग्न, सुट्टी, परदेशातील भावाची भेट, कशाचीच तारीख ठरवता येत नसे. 2017 च्या जानेवारीत क्लब खेळाडूंनी स्वतःची संघटना काढली आणि सामन्यांच्या तारखा निश्चित करा ही एकच मागणी लावून धरली. 2021 मध्ये वर्षाचे दोन भाग करण्याचा निर्णय झाला: पूर्वार्ध काउंटी संघांचा, उत्तरार्ध क्लबांचा. निर्णय होताच त्या संघटनेने स्वतःला विसर्जितही केले, जे आपल्याकडील कोणत्याही संघटनेबाबत मी तरी ऐकलेले नाही.

या विभागणीवर नाराज असलेलेही अनेक आहेत. ऑगस्टसारखा ऐन उन्हाळ्याचा महिना मोठ्या सामन्यांविना जातो आणि त्या काळात वर्तमानपत्रांतील जागा इतर खेळ घेतात, अशी तक्रार दर वर्षी होते. ती रास्त आहे. परंतु क्लबाच्या खेळाडूला आता ऑगस्ट ते ऑक्टोबर आपला संपूर्ण संघ हाताशी मिळतो, हे वजन मला अधिक वाटते. दोन्ही खेळ खेळणाऱ्या क्लबांची मात्र दमछाक होते. टिपररीतील लॉकमोर-कॅसलायनी या ग्रामीण क्लबाने 2021 मध्ये हर्लिंग आणि गेलिक फुटबॉल ही दोन्ही वरिष्ठ विजेतेपदे मिळवली. बव्हंशी त्याच खेळाडूंना त्या शरदात आठवड्यामागून आठवडे विश्रांतीविना मैदानात उतरावे लागले होते. तसाच दुहेरी पराक्रम त्यांनी 2013 मध्येही केला होता.

डिचोलकर

तारखा बांधून घेण्याची ही कल्पना मला विभागीय संघांपेक्षा कितीतरी अधिक पटते आणि तिच्यापुरता माझा विरोध मी मागे घेतो. आपल्याकडे निसर्गानेच वर्षाची विभागणी करून दिलेली आहे. पावसाचे चार महिने गावची मैदाने पाण्याखाली, शेतात भात उभे, आणि कापणी झाल्यावर त्याच शेतात मुले गोलखांब रोवतात. म्हणजे गावचा फुटबॉल मोसम कापणीपासून पुढच्या पावसापर्यंतचा. त्यातच जत्रा, शिगमो आणि परीक्षा बसवायच्या.

परंतु बांधिलकीचा नियम गोव्यात रुजेल असे मला वाटत नाही. आपल्या नामवंत क्लबांपैकी बरेच उद्योगसमूहांच्या पाठबळावर उभे राहिले. खेळाडूला त्यातून रोजगार मिळाला आणि दर्जाही वाढला, हे नाकारता येणार नाही. मात्र 2016 मध्ये साळगांवकर, धेंपो आणि स्पोर्टिंग क्लुब द गोवा या तिन्ही क्लबांनी आय-लीग या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेतून माघार घेतली, तेव्हा वर खेळण्याची त्या खेळाडूंची जागा एका फटक्यात गेली. आयरिश क्लब असा माघार घेऊ शकत नाही, कारण तो कोणाच्या मालकीचाच नाही. पण फुटबॉलवर पोट भरू पाहणाऱ्या गोव्यातील मुलाला तू आयुष्यभर गावाकडूनच विनामूल्य खेळ असे सांगण्याचा अधिकारही कोणाला नाही. आयर्लंडमध्ये हर्लिंग व्यावसायिक नाही म्हणून तो नियम टिकतो. फुटबॉल तर जगभर पैशाचा खेळ आहे.

केपेंची वाचक

डिचोलकर यांच्याशी मी सहमत आहे, एक भर घालून. मोठ्या मुलांना बांधून ठेवणे अशक्य असले तरी आंतरग्राम स्पर्धा भरवणारी मंडळे आपापल्या स्पर्धेपुरता नियम करू शकतात की संघात गावाबाहेरचे खेळाडू एक किंवा दोनच असतील, आणि चौदा-सोळा वर्षांखालील गटात एकही नसेल. काही गावांत असा नियम पूर्वीपासून आहे. तो काटेकोर पाळला जातो तेथे प्रेक्षकही अधिक येतात, कारण मैदानावरचा प्रत्येक मुलगा कोणाचा ना कोणाचा असतो. बक्षिसाची रक्कम वाढली की हा नियम प्रथम मोडला जातो, एवढे मात्र मंडळाने लक्षात ठेवावे.

फोंडेकर

हे आमच्या मंडळाच्या बैठकीत मांडण्यासारखे आहे. बक्षिसाची रक्कम कमी ठेवून तो पैसा लहान गटांच्या बूट-चेंडूंवर खर्च करावा असा प्रस्ताव मी या मोसमापूर्वी ठेवणार आहे. विरोध होईल याची कल्पना आहे. मांडवीकाठ, एकच शंका उरली. काउंटीचा चषक जिंकल्यावर इमोकिलीच्या खेळाडूंचा मोसम तेथेच संपला काय?

मांडवीकाठ

संघ म्हणून संपला, खेळाडू म्हणून प्रत्येकाचा वेगळा. इमोकिलीचा प्रत्येक खेळाडू आपल्या गावच्या क्लबाकडून खालच्या श्रेणीत खेळतच असतो, आणि त्या श्रेणींनाही काउंटीनंतर प्रांत आणि अखिल आयर्लंड अशा पायऱ्या आहेत. ज्याचा क्लब आपली श्रेणी जिंकतो तो खेळाडू पुढे जातो, पण स्वतःच्या गावाच्या जर्सीत. इतरांसाठी नोव्हेंबर मोकळा.

आपल्या भाच्याला सांगा की कॉर्कच्या पार्क ई क्वीव मैदानावरील अंतिम सामना पाहून झाला असेल तर पुढच्या मोसमात त्याने पूर्व कॉर्कमधील एखाद्या लहान गावचा कनिष्ठ श्रेणीचा सामनाही पाहावा. साठ मिनिटांचा असतो, आणि कडेला उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांकडून त्याला या मंचापेक्षा अधिक माहिती मिळेल.